सहज भेटायचं ठरलं होतं

आमच्या घरात कुठलीही गोष्ट 'सहज' करायची ठरली की तिची तयारी पंधरा दिवस आधीपासून सुरू होई. सहज जेवायला बोलावलेल्या माणसांसाठी आई पडदे धुवायला काढी, आणि कुणाला सहज फोन करायचा असला तर बाबा काय बोलायचं ते आधी आरशासमोर म्हणून बघत. त्यामुळे स्मिता मावशीला एका मुलाला 'सहज' दाखवायचं ठरलं, तेव्हा दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातलं आमचं दोन खोल्यांचं घर त्या सहजपणाखाली पार वाकून गेलं. भाजणी दळायला गेली, इस्त्रीवाल्याकडे गठ्ठे गेले, आणि बाबांनी दोन घडीच्या केशरी खुर्च्या आणल्या. त्या पेटीतून बाहेर आल्यावर पुन्हा कधीच मिटल्या नाहीत.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. कऱ्हाडला एका पतसंस्थेत नोकरी करणारी, तिशी ओलांडलेली, आणि तिशी ओलांडल्याचं स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना दुःख असलेली. बिनपगारी रजा काढून ती तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली होती आणि तो व्हिसा आता संपत आला होता. कतारचा नियम सरळ होता. इथे राहायचं तर नोकरी हवी, नाहीतर नवरा हवा. एखाद्या बाईची बहीण असणं हे काही तिथे राहण्याचं कारण होऊ शकत नव्हतं. मावशीला नोकरी मिळायची चिन्हं नव्हती, तेव्हा आईने दुसरी वाट धरली. मुलगा ठरला तर मावशी दोह्यात राहणार, नाही ठरला तर कऱ्हाडला परत जाणार, एवढी साधी गोष्ट होती. ती आईला किती हवी होती हे घरातल्या मांजरालाही कळलं असतं, फक्त आम्ही मांजर पाळलेलं नव्हतं.

मावशी येण्याआधी आमच्या घरात आवाज असे ते यंत्रांचे. एसीची घरघर, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची थरथर, सकाळी शाळेच्या बसचा हॉर्न, संध्याकाळी बाबांच्या लॅपटॉपवरच्या मीटिंगा. बाबा उजाडायच्या आत साइटवर जात आणि परत आल्यावर साइट लॅपटॉपमधून त्यांच्या मागोमाग घरी येई. मी आईशी इंग्रजीत बोलत असे. म्हणजे ती मराठीत विचारी आणि मी इंग्रजीत एका शब्दात उडवून लावत असे. आई दिवसभर कुकरशी बोलायची. "झाली का तुझी शिट्टी? मग थांब आता," असं तिला मी कितीदा म्हणताना ऐकलंय, आणि त्यात मला काही वावगंही वाटत नसे. मावशी आल्यावर त्या एक्झॉस्ट फॅनच्या वरताण दोन बायकांचं हसणं ऐकू येऊ लागलं. थालीपिठं लागायला लागली, ताकाला फोडणी बसू लागली, आणि मला दुपारी समोर बसवून मावशी वर्तमानपत्राचे जुने कागद वाचायला लावू लागली. आज मी हे मराठीत लिहिते आहे तो त्या दुपारच्या छळाचा परिणाम. वाचकांनी तक्रार करायची असेल तर तिच्याकडे करावी.

मुलगा बाबांनी शोधला होता, तिथल्या मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात. वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये आयटीत होता आणि द पर्ल या श्रीमंतांच्या बेटावर राहत होता. पर्लमध्ये राहतो हे बाबा असं सांगत, जणू तो शिंपल्यातूनच निघाला होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही. तो बहुधा आता कुणाचा तरी सासरा झाला असेल आणि मला त्याच्या सुनेची काळजी वाटते. त्याची आई नाशिकहून त्याच्याकडे आलेली होती. तिला आम्ही काकू म्हणायचं होतं. भेटायचं कुठे यावर आठवडाभर खल झाला. घरी बोलवावं तर खोल्या दोनच. हॉटेलात बोलवावं तर बिलाच्या वेळी दोन्ही बाजूंनी जी झटापट होते ती बाबांना जमत नसे. शेवटी बाबा म्हणाले, आपण कॅम्पिंगला जाऊ. समुद्रकाठी, वाळवंटात, मोकळ्या हवेत. मुलामुलीला बघितल्यासारखंही होईल आणि बघितल्यासारखं वाटणारही नाही. बाबांनी आयुष्यात कधी तंबू ठोकला नव्हता, पण थंडीच्या दिवसांत रस्त्यावरून जाताना दुसऱ्यांचे तंबू त्यांनी बरेच पाहिले होते.

तंबू होता तो सत्तार चाचांकडे. सत्तार चाचा मूळचे दाभोळचे, दोह्यात त्यांचं नळ, बेसिन आणि टाइल्सचं दुकान. बाबांच्या साइटवर माल पोचवता पोचवता ते घरचे झाले होते. त्यांच्याकडे मोठी चारचाकी होती, दोरखंड होते, आणि जगातला कुठलाही समुद्र आपल्या वडिलांचा आहे असा त्यांचा समज होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला फोन करून विचारलं, "वैनी, उद्या तिथी कंची?" आईने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघून सांगितलं, दशमी. चाचांनी लगेच हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे भरती सकाळी आणि मग थेट दिवेलागणीला. दुपारभर ओहोटी. आईने शंका काढली की तो हिशेब दाभोळचा, इथे चालेल का? चाचा दुखावले. "दर्या दर्याच असतो वैनी. हितला काय नि दाभोलचा काय. पानी सगला एकच हाय." बाबा इंजिनिअर होते, फोनवर बोट फिरवलं असतं तर इथल्या भरतीची वेळ दिसली असती. पण त्यांना तो पाऊणपटीचा हिशेब इतका आवडला की त्यांनी तो कागदावर करून पाहिला, आणि उत्तर साडेसातच आलं म्हणून समाधानाने झोपायला गेले.

शुक्रवारी पहाटे आम्ही बाबांच्या गाडीतून निघालो. चाचांच्या गाडीत तंबू, गॅसची शेगडी, कुकर, परात, दोन कढया, पाटा-वरवंटा सोडून बाकी सगळं. पाटा-वरवंटा आईने बाहेर काढून ठेवला होता, तो बाबांनी परत आत नेला. उत्तरेला जाणाऱ्या शमाल रोडच्या एका पेट्रोल पंपावर मुलगा आणि काकू त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीतून येऊन मिळाले. तिथे सगळ्यांनी करक, म्हणजे तिथला उकळून दाट केलेला चहा घेतला. मुलाने चहाच्या कागदी पेल्याचा फोटो काढला, मग पेला गाडीच्या बॉनेटवर ठेवून काढला, मग आमच्याकडे बघून "हाय" म्हणाला. काकूंनी मावशीला डोक्यापासून चपलेपर्यंत एकदाच पाहिलं. नंतर दिवसभर त्यांना पुन्हा बघावं लागलं नाही. मावशीने साडी नेसावी असा आईचा आग्रह होता. वाळूत साडी नेसून तंबूला खुंट्या कोण ठोकणार, असं विचारून मावशी सलवार-कमीज घालून आली होती, आणि त्यावरून त्या दोघींत सकाळपासून अबोला होता.

त्यानंतर आम्ही किनारा निवडत उत्तरेकडे गेलो. पहिल्या किनाऱ्यावर माणसं फार म्हणून बाबांना आवडला नाही. दुसऱ्यावर स्थानिक लोकांचे तळ होते, गालिचे, जनरेटर, भलेमोठे टीव्ही, कोळशावर अख्खं बकरं. तिथे आपला तंबू पानटपरीसारखा दिसेल म्हणून तोही सोडला. तिसरीकडे जाताना बाबांची गाडी वाळूत रुतली. चाकांतली हवा कमी करा, असं चाचा दोनदा म्हणाले होते. पैसे देऊन भरलेली हवा सोडून द्यायची हे बाबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चाचांनी दोरखंड लावून गाडी ओढून काढली. मुलाने त्याचा व्हिडिओ केला आणि त्याच्या आईने तो लगेच नाशिकला पाठवला. अशा रीतीने आम्ही शेवटी जिथे पोचलो तिथे काहीही नव्हतं. म्हणजे खरोखरच काही नव्हतं. एक झाड नाही, एक टेकाड नाही, मागे ताटासारखं सपाट वाळवंट आणि पुढे त्याहून सपाट समुद्र. पाणी इतकं उथळ की मैलभर आत गेलं तरी घोटा भिजेल असं वाटे. मधे ओली वाळू, तिच्यात लांबवर वाळूचा एक पांढरा दांडा वर आलेला. बाबांनी कमरेवर हात ठेवून चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "झकास. प्रायव्हसी आहे." त्यानंतर पहिली अडचण आली ती काकूंना. त्यांना जायचं होतं, आणि आडोसा म्हणाल तर क्षितिजापर्यंत कुठे नव्हता. आई आणि मी चादर धरून उभ्या राहिलो, वाऱ्याने ती चादर शिडासारखी फुगली, आणि पुरुष मंडळी पाठ करून मोठमोठ्याने क्रिकेटवर बोलत राहिली.

मग पोहे झाले. वाळवंट असो की चंद्र असो, मुलगी दाखवायची म्हणजे पोहे व्हायलाच हवेत, आणि ते मुलीनेच आणून द्यायला हवेत. आईने कढईत फोडणी घातली, पण बशा मावशीच्या हातात दिल्या. वारा उत्तरेचा होता. चार पावलांत अर्धी कोथिंबीर उडाली, ओलं खोबरं काकूंच्या चष्म्यावर जाऊन बसलं, आणि वाळू सगळ्या बशांत सारखी वाटली गेली. बघायच्या कार्यक्रमात पोह्यांना नावं ठेवायची नसतात, त्याचा अर्थ नकार असा घेतात. सगळे जण करकर आवाज करत खात होते. काकू म्हणाल्या, "छान कुरकुरीत झालेत हो. शेव घातलीय वाटतं?" मावशीने मान खाली घातली. आईला वाटलं ती लाजली, पण मी शेजारी होते, तिचे खांदे हसण्याने हलत होते.

पोह्यांनंतर जे यायचं ते आलं. बाबा घसा खाकरून म्हणाले, "आता मुलामुलीला जरा बोलू द्या." आमच्याकडे हे वाक्य उच्चारलं की मुलामुलीला गॅलरीत किंवा गच्चीवर पाठवतात आणि बाकीचे लोक दाराकडे कान लावून हवापाण्यावर बोलतात. इथे गॅलरी नव्हती, दार नव्हतं. तंबूत पाठवणं बरं दिसलं नसतं. "जा ना, जरा फिरून या," असं म्हणून त्यांना मोकळं सोडलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ही दोघं दिसेनाशी होणं शक्यच नाही. ती शंभर पावलं गेली तरी समोर, दोनशे गेली तरी समोर. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ती मागे वळून बघत, आम्हाला बघत, आणि पुन्हा चालू लागत. एकांत मिळेना म्हणून ती बिचारी चालतच राहिली. ओली वाळू ओलांडून त्या पांढऱ्या दांड्यावर गेली, तिथून त्याच्या पार टोकाला. मुंग्यांएवढी दिसायला लागल्यावर थांबली. चाचांनी सांगून ठेवलं होतं, बिनधास्त जा, भरती दिवेलागणीला.

बाबांनी दुर्बीण आणली होती. रोहित पक्षी बघायला, असं ते म्हणत. आता त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि समालोचन सुरू केलं. तो बोलतोय. अजून बोलतोय. हात हलवतोय, बहुतेक पॅकेजबद्दल सांगत असेल. ती ऐकतेय. आता ती काहीतरी म्हणाली. तो हसला. आई म्हणाली, "बघू," आणि दुर्बीण घेतली. मग काकूंनी घेतली. काकूंच्या मते मावशी फार हातवारे करत होती, मोकळी दिसत होती जरा. आईच्या मते ती लाजत होती. दुर्बीण एक होती पण प्रत्येकाला तिच्यातून वेगळंच दिसत होतं. आईचा चेहरा त्या वेळी मला आठवतो. मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. ती मला जवळ ओढून हळूच म्हणाली की पर्लहून आपल्या घरी टॅक्सीने यायला काही वेळ लागत नाही, रोज दुपारी सुद्धा येता येईल. मला तेव्हा वाटलं, लग्न ठरायच्या आधीच ही मावशीच्या माहेरपणाची सोय बघते आहे. आता मी त्या वेळच्या आईपेक्षा वयाने मोठी आहे आणि ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

पाणी आलं ते त्या दोघांच्या पाठीमागून आलं. समोरून लाटा येतील म्हणून चाचा समोर बघत बसले होते. आम्ही आणि तो दांडा यांच्यामधली ओली वाळू आधी चकाकली, मग तिच्यात निळसर पट्टा दिसू लागला, आणि बघता बघता तिथे वाहती खाडी झाली. इथल्या समुद्राला ना दशमी माहीत होती ना पाऊणपट. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि आधी "हे बरोबर नाही" असं म्हणाले, जणू समुद्राने चूक केली होती. मग सगळे ओरडायला लागले. वारा उलटा होता, त्यांना काय ऐकू जाणार? त्यांनी हात हलवले. काकू म्हणाल्या, "बाय करताहेत."

मग त्यांच्याही ध्यानात आलं. दोघं परत निघाली, आणि अर्ध्या दांड्यावर मावशी खाली बसली. शिंपल्याने तिचा तळवा चिरला होता, हे नंतर कळलं. तो उभा राहिला, पाण्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा पाण्याकडे. दुर्बीण तेव्हा काकूंकडे होती. त्यांनी ती चटईवर ठेवली. मग तो निघाला. एकटा. दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरून तो त्या खाडीत शिरला. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला लागलं, पण हात काही खाली आले नाहीत. फक्त एकदा तो ठेचकाळला तेव्हा हात क्षणभर पाण्यात गेले. काठावर आला तेव्हा धापा टाकत म्हणाला, "शी इज राइट बिहाइंड मी." आम्ही सगळ्यांनी त्याच्या मागे पाहिलं. मागे समुद्र होता. त्याचं दुसरं वाक्य असं, "तांदूळ आहेत का? फोनला पाणी लागलंय."

आईने मसालेभातासाठी आणलेला बासमती काकूंनी परातीत ओतला आणि फोन त्यात पुरला. "कंपनीचा आहे हो," असं त्या मला समजावून सांगत होत्या. बाबा पँटचे पाय दुमडत होते, एकदा डावा, एकदा उजवा, दोन्ही सारखे होईपर्यंत. चाचा दोरखंड घेऊन धावले आणि खाडीच्या कडेच्या चिखलात गुडघ्यापर्यंत जाऊन अडकले. आईने काही दुमडलं नाही. ती सरळ चालत गेली, पाणी छातीशी आलं तसं तिने अंग पुढे टाकलं आणि पोहायला लागली. माझी आई, जी शाळेच्या फाटकापाशी रस्ता ओलांडताना माझा हात धरायची, ती हात मारत चालली होती. मला ठाऊकच नव्हतं की ती पोहते. ती कृष्णेकाठची, तिला येणारच, पण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

दुर्बीण चटईवर पडली होती. ती मी उचलली. दांड्यावर मावशी पायाला ओढणी गुंडाळून बसली होती. आई वर आली, तिच्या पायाशी बसली, पाय पाहिला, आणि तिला एक चापट मारली. मग दोघी बोलायला लागल्या. चहूकडून पाणी चढत होतं, इकडे बाबा हाका मारत होते, आणि त्या दोघी ओट्यापाशी बसल्यासारख्या बोलत होत्या. पुष्कळ वेळ. काय बोलल्या ते मावशीने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आईने विचारलं होतं, तुला खरंच इथे राहायचं नाही का? मावशी म्हणाली, "हे तू मला मी आले तेव्हापासून विचारते आहेस. पण विचारायचीस आणि उत्तर यायच्या आधीच आत जायचीस. आज पाणी आहे म्हणून थांबलीस." दुर्बिणीतून मला फक्त एवढं दिसलं की आईने तोंडावर ओला पदर धरला, मग तो काढला, मान हलवली आणि उठली. दोघी हात धरून पाण्यात उतरल्या. जिथे पाय टेकेना तिथे दोघी पोहल्या, चिखलात रुतलेल्या चाचांना ओलांडून काठाला लागल्या, आणि मग मागे वळून त्यांनी चाचांना दोरखंडाने बाहेर काढलं.

पुढचं मी कधी विसरणार नाही. मावशीच्या पायाला पट्टी बांधून झाली, चहा झाला. मला वाटलं, आता ही मंडळी माना खाली घालून निघून जातील. पण काकू पोचलेल्या होत्या. त्यांनी केशरी खुर्चीत सावरून बसत बाबांना सांगितलं की आम्हाला मुलगी पसंत आहे. संकटात आरडाओरडा न करणारी मुलगी आजकाल मिळत नाही. आणि मुलानेही बघा कसं, घाईने येऊन वेळेवर निरोप दिला. आमच्याकडून होकारच समजा. त्यांचा मुलगा तांदळात बोट घालून फोन चाचपत होता. बाबांचा चेहरा उजळला. चूक भरतीची होती, माणसांची नव्हती, असं काहीतरी ते म्हणायला लागले, आणि 'आमच्याकडूनही' म्हणता म्हणता त्यांनी आईकडे पाहिलं, ती पुढचा शब्द पुरवील म्हणून. तीच तर दोन महिने या एका शब्दासाठी जीव टाकत होती.

"आमच्याकडून नकार आहे," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, अगं, घरी जाऊन बोलू. आईचे केस अजून निथळत होते. ती म्हणाली, "घरी जाऊन काय बोलायचं? स्मिताला इथे राहायचं नव्हतंच. मला सोबत हवी होती. दिवसभर बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी तिच्यासाठी नवरा शोधत होते."

काकूंनी आवाज मऊ केला. मुलाचं ते पाण्यातलं एवढं मनावर घेऊ नका, घाबरतो माणूस.

"त्याचं नाही हो काकू," आई म्हणाली. "तो पळाला ते बरंच झालं. चांगला निघाला असता, तर मी हिला देऊन टाकली असती."

काकूंनी परात पुढे ओढली आणि तांदळातून फोन काढून पुसायला घेतला. पाच मिनिटांत त्यांची नवीकोरी गाडी वाळू उडवत गेली. रात्रभर राहायचं ठरलं होतं, ते कुणाला आठवलंही नाही. चाचांनी तंबू उतरवला. जाताना आईला म्हणाले, "वैनी, माफी असावी. हितला दर्या गावचा नाय." आईने त्यांना मसालेभाताऐवजी उरलेले लाडू बांधून दिले. मावशी व्हिसा संपला त्या दिवशी कऱ्हाडला गेली, पतसंस्थेत पुन्हा रुजू झाली, पुढे तिने स्वतः एक शिक्षक पाहिला, पसंत केला आणि आम्हाला नंतर कळवलं. पोहे झाले होते का, असं मी फोनवर विचारलं तर म्हणाली, त्याने केले होते.

पण मला सांगायचं आहे ते परतीच्या गाडीतलं. संध्याकाळचा शमाल रोड होता. आई आणि मावशी मागे एकमेकींना टेकून बसल्या होत्या, ओल्या कपड्यांचा खारट वास गाडीभर होता. मी पुढे बाबांच्या शेजारी बसले होते. ते रागावले नव्हते, त्यांचा अपमान झाला होता, आणि अपमान झाला की ते विनोद करत. अल खोर हे गाव मागे पडल्यावर त्यांनी आरशातून आईकडे बघितलं आणि म्हणाले, असं चारचौघांत बोलायला नको होतंस. लोकांना काय वाटेल? तीन महिने बहीण आली तर एवढं, मग त्याआधीची वर्षं काय होतं? मग त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि हसत हसत मागे विचारलं, "मी काय तुला इथे एकटं टाकलं होतं का?"

"हो," आई म्हणाली.

बाबांचं हसणं आधीच सुरू झालं होतं म्हणून ते आणखी थोडं पुढे गेलं, आणि मग थांबलं.